उत्तर दिलं की खारट गोळी

रडायची नोकरी मला हार्लेमच्या एका सुपरमार्केटात मिळाली, गोळ्या-चॉकलेटांच्या रॅकसमोर. खोटं वाटेल, पण अगदी तसंच झालं.

नेदरलँड्सला येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. नवरा सकाळी लॅपटॉपची बॅग पाठीला लावून ॲमस्टरडॅमची गाडी पकडायचा. आणि मी, पुण्यात सात-आठ एकांकिका केलेली, दोनदा अभिनयाचं बक्षीस घेतलेली बाई, व्हिसावर 'डिपेंडंट' असा शिक्का घेऊन घरात पुसलेला ओटा परत पुसत बसायची. त्या काळात माझा मुख्य उद्योग म्हणजे पाकिटांची मागची बाजू वाचणं. आम्ही पक्के शाकाहारी, आणि इथे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं जिलेटिन कशात निघेल याचा नेम नाही. गोळ्यांत असतं, पुडिंगमध्ये असतं, एकदा तर दह्यात सापडलं होतं मेलं.

त्या दिवशी माझ्या शेजारी एक उंच, पाठीत वाकलेले आजोबा भिंग लावून तेच करत होते. मी माझ्या मोडक्या डचमध्ये हातातलं पाकीट पुढे करून विचारलं, "यात जिलेटिन?"

"आहे. ठेवून द्या. ही घ्या, हिच्यात नाही," ते म्हणाले. "पण दर वेळी वाचायचं हां. हे लोक मध्येच बदलतात, बदमाश." मग भिंग तसंच डोळ्याला ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ज्यू आहात?"

"नाही. पुणे."

"तेही चालेल," ते म्हणाले. "काय करता?"

मी म्हटलं, काही नाही, पूर्वी नाटकात कामं करत होते. आजोबांचा चेहरा असा उजळला की बोलायची सोय नाही. "मग तुम्हाला रडता येत असेल!"

आता पुण्याच्या बाईला 'येतं का' असं विचारल्यावर ती काय करणार? मी तिथेच, टोमॅटोची पिशवी हातात धरून, दोन मिनिटांत डोळ्यांतून घळाघळा पाणी काढून दाखवलं. दुकानातला एक पोरगा धावत आला, "मॅडम, सगळं ठीक ना?" आजोबा त्याला म्हणाले, "उत्तम! बघ, किती छान रडतायत!"

हे आमचे मेनेर. डचमध्ये 'सर' म्हणायचं तर मेनेर म्हणतात. मी त्यांना शेवटपर्यंत तेच म्हटलं आणि त्यांनी मला शेवटपर्यंत 'मेव्राउ पुणे' म्हटलं, म्हणजे पुणेबाई. माझं खरं नाव त्यांना येत होतं, पण त्यात गंमत नाही म्हणायचे.

मेनेर स्वतः रब्बाय, म्हणजे ज्यू लोकांचे धर्मगुरू. शिवाय मानसशास्त्र शिकलेले. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच काम धरून ठेवलं होतं: तरुण रब्बाय लोकांना घरी बोलावून माणसाचं दुःख ऐकायला शिकवायचं. घरात कोणी वारलं, कोणाचा संसार मोडला, बाळंतपणानंतर कोणाला रात्रंदिवस रडू येतं, की लोक आधी डॉक्टरकडे नाही, रब्बायकडे येतात. आणि रब्बायला शिकवलेलं काय? ग्रंथ. म्हणून मेनेरांना हवी होती एक खोटी दुःखी बाई. तिच्यासमोर या लोकांनी सराव करायचा आणि चुका करायच्या. खऱ्या माणसावर चुका करू नयेत, असं त्यांचं म्हणणं.

"पण मला तुमच्या धर्मातलं ओ का ठो कळत नाही," मी म्हटलं होतं.

"म्हणून तर. ज्यू बाई असली की हे तिला एखादं वचन ऐकवतात आणि तीही बिचारी मान डोलावते. तुम्ही डोलावणार नाही."

वर्ग मेनेरांच्या पुढच्या खोलीत भरायचा. इथल्या घरांना रस्त्याकडे भलीमोठी खिडकी, आणि पडदे ओढायचे नाहीत. त्यामुळे येणारे-जाणारे सायकलवाले दर मंगळवारी बघायचे, की एक भारतीय बाई रडते आहे आणि समोर कोट घातलेला नवाच कोणीतरी बसला आहे. एकदा कोणीतरी दारात सुपाचा डबा ठेवून गेलं, वर चिठ्ठी: 'रडणाऱ्या मेव्राउंसाठी.' मेनेरांनी आधी डब्यावरची यादी भिंगातून वाचली. मग म्हणाले, "यात कोंबडी आहे, तुम्हाला नाही चालणार. आणि कोंबडी कोणी, कशी कापली ते माहीत नाही, म्हणजे मलाही नाही." सूप मेनेरांच्या बायकोनं समोरच्या शेजाऱ्यांना दिलं. ती फार गोड बाई. नवऱ्याच्या सगळ्या तऱ्हांवर तिचा एकच उतारा, "असू दे, असू दे."

तऱ्हा काय थोड्या होत्या! कोटाच्या खिशात स्वतःचा काचेचा ग्लास घेऊन हिंडायचे. कुठेही गेले तरी चहा त्याच ग्लासातून, बिनदुधाचा. धर्मात खाण्यापिण्याच्या भांड्यांचे नियम आहेत, पण त्यांच्या रब्बाय विद्यार्थ्यांतलंही कोणी ग्लास घेऊन फिरत नव्हतं. मला आमच्याकडचं सोवळं आठवायचं. मी तसं एकदा समजावून सांगितलं, तर खूश झाले. "म्हणजे पुण्यातही आमच्यासारखे वेडे आहेत!"

पण खरी प्रसिद्ध होती त्यांची ड्रॉपची बशी. ड्रॉप म्हणजे इथली काळी गोळी. डच लोक ती प्रेमानं चघळतात आणि आपल्या माणसाला वाटतं, कोणीतरी डांबर मिठात घोळवून दिलंय. मेनेर त्यातलीही दुप्पट मिठाची आणायचे, अर्थात जिलेटिन नसलेली. नियम असा, की सरावात ज्यानं समोरच्याचं ऐकायचं सोडून उत्तर दिलं, त्यानं ताबडतोब एक गोळी तोंडात टाकायची. गोळी संपेपर्यंत बोलायचं नाही.

आणि रब्बाय लोकांना उत्तर दिल्याशिवाय राहवतच नाही हो! तो त्यांचा पेशाच. जन्मभर लोक येऊन विचारतात, हे चालेल का, ते चालेल का, आणि हे निवाडा देतात. मी म्हणायचे, "आई गेली तेव्हा मी तिथे नव्हते. मला पाप लागेल का?" की समोरचा लगेच, "नाही मेव्राउ, शास्त्राप्रमाणे तुमच्यावर असा कोणताही..." बशी पुढे! एक रॉटरडॅमकडचा, कापेलमध्ये राहणारा तरुण रब्बाय होता. फार हुशार, आणि हुशार म्हणूनच सगळ्यांत जास्त गोळ्या खाणारा. एका दुपारी त्यानं सात खाल्ल्या. शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाला, "पण मेनेर, उत्तर पुस्तकात खरंच आहे!"

"पुस्तक कुठे पळून जात नाही," मेनेर म्हणाले. "ही बाई जाईल."

सराव संपला की ते माझ्याकडे वळायचे. "मेव्राउ पुणे, यांनी ऐकलं का?" बस, एवढंच. मी 'नाही' म्हटलं की नाही. चांगले दाढीवाले, पदवीवाले लोक माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. हातात काही कामधंदा नसलेल्या बाईला हे किती मोठं वाटलं असेल, ते मी कसं सांगू? आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "रडायला बोलावतात? अगं, मग इथल्या निम्म्या बायकांना तिकडे पाठवून दे."

पण आईला मी सगळं सांगितलं नव्हतं. त्या वर्गात एक प्रश्न शिकवला जायचा, तो आईला सांगायची माझी छाती नव्हती. समोरचा माणूस फार खचलेला वाटला, तर त्याला सरळ विचारायचं: जीव द्यावासा वाटतो का? याच शब्दांत. मेनेरांना आडवळण चालत नसे. "तुम्हाला कधी फार, म्हणजे, अंधारून वगैरे..." असं कोणी सुरू केलं की ते ओरडायचे, "हवामान नका विचारू!" विचारल्यानं माणसाच्या डोक्यात तसलं काही शिरत नाही, उलट छातीवरचा दगड हलतो, हे ते परत परत सांगायचे. आणि उत्तर 'हो' आलं तर? तर घाबरून उपदेश करायचा नाही, त्याला एकटं सोडायचं नाही, आणि डॉक्टरला गाठायचं. रब्बायनं डॉक्टर व्हायचं नाही.

जिभेला सवय व्हावी म्हणून ते विद्यार्थ्यांकडून हे वाक्य चालता-चालता म्हणवून घ्यायचे. चहा घेणार का, इतक्या साध्या आवाजात. एकदा स्पार्न नदीच्या काठानं आम्ही असे चाललो होतो. कापेलचा तो हुशार रब्बाय पंधराव्यांदा म्हणाला, "तुम्हाला जीव द्यावासा वाटतो का?" आणि शेजारून जाणारी एक सायकल कचकन थांबली. पन्नाशीची बाई, पुढच्या टोपलीत पालेभाजी. "मला विचारलंत?" ती म्हणाली. तो बिचारा लाल झाला, माफी मागायला लागला. मेनेरांनी त्याचा हात दाबला आणि तिला म्हणाले, "तुम्हालाच विचारलं असं समजा." ती बाई सायकल लावून बाकावर बसली ती तासभर बोलत होती. मग मेनेरांनी तिला तिथेच बसून बहिणीला फोन लावायला लावला.

या प्रश्नाचं वेड त्यांना कुठून लागलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, वर्गानंतर आम्ही दोघं भांडी पुसत असताना. तरुणपणी त्यांच्याकडे एक गृहस्थ आले होते. मेलेल्या माणसासाठी म्हणायच्या प्रार्थनेबद्दल एक शंका होती. कोणासाठी म्हणतात, कोणासाठी नाही. "मी त्यांना तीन पुस्तकं काढून दाखवली," मेनेर म्हणाले. "काय सुंदर उत्तर दिलं होतं! त्यांनी माझे आभार मानले, टोपी घातली आणि गेले. आठवड्याच्या आत त्यांनी जीव दिला." पुसलेला कप त्यांनी परत पुसला. "ते स्वतःसाठी विचारत होते, मेव्राउ पुणे. आणि मी विचारलं नाही, कोणासाठी?"

त्यांची आणखी एक रीत मी जन्मभर विसरणार नाही. ज्यू लोकांत कोणी गेलं, की घरचे सात दिवस खाली बैठकीवर बसतात आणि लोक भेटायला येतात. पण आलेल्यानं आधी बोलायचं नाही. दुःख ज्याचं, तो बोलेल तेव्हा बोलायचं. तो नाहीच बोलला, तर तसंच उठून यायचं. हे मला वर्गात ऐकून माहीत होतं. कळलं मात्र माझे बाबा गेले तेव्हा.

पुण्याला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तेरा दिवस घरात माणसांची रीघ. प्रत्येक जण, "काय झालं हो? कसं झालं? आधी काही त्रास होता का?" मी कॅसेट लावल्यासारखं तेच सांगत होते. परत हार्लेमला आले आणि दुसऱ्या दिवशी मेनेर आणि त्यांची बायको दारात. आले, बसले. एक शब्द नाही. आमच्या घरात पाहुणा आणि गप्प, हे आम्हाला झेपणार कसं! मी चहा ठेवला, मेनेरांनी खिशातून ग्लास काढून दिला. मी चिवडा काढला, परत आत ठेवला. नवरा बिचारा हवेबद्दल बोलून बघत होता, मग तोही थांबला. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी मीच म्हटलं, "बाबांना माझं नाटकात काम करणं आवडायचं नाही. तरी प्रत्येक प्रयोगाला मागच्या रांगेत येऊन बसायचे." आणि मग मी रडले. इतकी वर्षं खोटं रडून कमावलेलं कौशल्य होतं, त्यातलं काहीएक उपयोगी पडलं नाही. नाक वाहतंय, आवाज फाटलाय, घाणेरडं रडले. त्या दोघांनी ऐकून घेतलं. नवऱ्यानं नंतर विचारलं, "ते काही बोललेच नाहीत ग?" मी म्हटलं, "नाही ना. म्हणूनच."

पुढे आम्ही ॲमस्टरडॅमच्या पलीकडे आल्मेरेला घर घेतलं. मुलगी झाली, मला एका शाळेत नोकरी लागली. तरी मंगळवारची दुपार मी सोडली नाही. मग एका हिवाळ्यात मेनेरांची बायको गेली. सात दिवस घर विद्यार्थ्यांनी भरलेलं होतं. सगळे शिकवल्याप्रमाणे गप्प बसले. मेनेरही गप्पच बसले. वर्ग बंद झाला. मी फोन करायचे. "छान, छान," म्हणून ते ठेवून द्यायचे. कापेलच्या रब्बायला विचारलं, तर तो म्हणाला, "मी गेलो होतो. थकलेत, पण ठीक आहेत. त्यांना आपण काय सांगणार?"

मार्चमध्ये मी गाडी पकडून हार्लेमला गेले. मेनेरांनी दार उघडलं. शर्ट इस्त्रीचा, दाढी नीट. मी मनात म्हटलं, चला, बरे दिसतायत. चहा करायला स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर गोळ्यांचं पाकीट फोडलेलं होतं. सवयीनं मी ते उलटं करून वाचलं. जिलेटिन.

मी परत वाचलं. शेजारी आणखी दोन वस्तू होत्या, त्याही तशाच. भिंग खिडकीत धूळ खात पडलं होतं. आणि मेनेरांचा ग्लास कपाटात सगळ्यात मागे. हा माणूस पाकीट न वाचता खायला लागला होता.

मी पुढच्या खोलीत जाऊन त्यांच्यासमोर बसले. माझ्या नेहमीच्या खुर्चीत ते बसले होते, म्हणून मी रब्बायच्या खुर्चीत बसले. मला तो प्रश्न पाठ होता. शेकडो वेळा ऐकला होता, पण नेहमी पलीकडून. विचारायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. माझी भाषा मोडकी, वयानं मी त्यांच्या मुलीएवढी, आणि ते माझे गुरू. आमच्याकडे वडीलधाऱ्यांना असलं विचारतात का?

"मेनेर," मी म्हटलं, "तुम्हाला जीव द्यावासा वाटतो का?"

बाहेरून एक सायकल गेली. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हो," ते म्हणाले. "हल्ली रोज."

'असं अभद्र बोलू नका हो!' हे अगदी ओठांपर्यंत आलं होतं. त्याच्यामागे 'तुम्हाला मुलगी आहे', त्याच्यामागे 'गेलेल्या मेव्राउंना काय वाटेल'. उत्तरांची नुसती रांग! मी दात घट्ट आवळून बसले. मेनेर बोलायला लागले. सकाळी दोन कप काढतात आणि एक परत ठेवतात, इथपासून सुरुवात. खूप बोलले. ते थांबल्यावर मी म्हटलं, "मी कुठेही जात नाहीये. आपण आत्ता हाउसआर्ट्सना फोन करू."

हाउसआर्ट्स म्हणजे इथला घरचा डॉक्टर. कशालाही पॅरासिटामॉल घ्या म्हणतो, म्हणून आम्ही सगळे त्याच्या नावानं बोटं मोडतो. त्या दिवशी मी फोनवर तेच साधे शब्द सांगितले आणि डॉक्टरीणबाई तासाभरात दारात हजर. त्यानंतर मी त्यांना कधी नावं ठेवली नाहीत. रात्रीपर्यंत लंडनहून त्यांची मुलगी आली. औषधं सुरू झाली, दर आठवड्याला एका समुपदेशक बाईंकडे जाऊन बोलणं सुरू झालं. कित्येक महिने गेले. मग एकदा फोन आला. "मेव्राउ पुणे, त्या नव्या पाकिटात परत जिलेटिन घातलंय त्यांनी, बदमाश!" मी शाळेत होते, तिथेच डोळे भरून आले.

वर्ग परत सुरू झाला. पहिल्याच दिवशी त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांनाही बोलावलं आणि नव्या-जुन्या सगळ्यांसमोर म्हणाले, "माझी बायको गेल्यावर तुमच्यातले सगळे मला भेटून गेले. केक आणलेत. जेवलो का विचारलंत. तो प्रश्न कोणी विचारला?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "या बाईंनी विचारला." कापेलच्या रब्बायनं मान खाली घातली होती आणि डोळे पुसत होता. मेनेरांनी बशी फिरवली, प्रत्येकाला एक. मग स्वतःही एक तोंडात टाकली. "फोनवर कोणी कसे आहात विचारलं, की मीही 'छान, छान' असं उत्तर देत होतो," ते म्हणाले.

त्यानंतर चार वर्षं ते जगले, चांगले जगले. गेल्या शरदात झोपेतच गेले, म्हातारपणानं.

मी भेटायला गेले तेव्हा ती पुढची खोली रब्बाय लोकांनी गच्च भरली होती. त्यांची मुलगी खाली बुटक्या स्टुलावर बसली होती. कोणी बोलत नव्हतं. त्यांनीच शिकवलेली माणसं ती, कोण बोलणार? मी एका कडेला बसले. मध्ये टेबलावर ती बशी होती, गोळ्यांनी भरलेली.

बऱ्याच वेळानं मुलीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"मी दर रविवारी फोन करायचे," ती म्हणाली. "त्या हिवाळ्यातही केला. दर रविवारी. काय जेवलात, एवढंच विचारायचे. माझ्या बापाला मी का नाही विचारलं?"

माझ्याकडे उत्तर होतं. चांगली तीन उत्तरं होती, आणि तिन्ही खरी होती. मी हात लांब करून बशीतली एक गोळी उचलली आणि तोंडात टाकली.

तिनं माझ्याकडे बघितलं, बशीकडे बघितलं. मग स्वतःही एक घेतली, तोंड वाकडं केलं आणि बोलायला लागली.